एक सोफा, ४२ कापडं: प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी

आज काम हाती आलं. तीन जणांचा सोफा, त्याच घडणीची खुर्ची आणि पाय टेकायचा पुफ. तिन्ही वस्तू प्रत्येक कापडात दाखवायच्या आहेत. कापडं ४२, म्हणजे १२६ चित्रं. तिन्ही वस्तूंवर सध्या एकच कव्हर आहे, साध्या फिकट राखाडी सुती कापडाचं. ४२ कापडांचे हाताशी आहेत ते फक्त २० × २० सेंमीचे तुकडे. प्रत्येकाचं कव्हर शिवून फोटो काढायचे तर नुसत्या फोटोंपायी ठाणंच्या ठाणं कापावी लागतील. म्हणून एआय.

वहीच्या पहिल्या पानावर एकच ओळ लिहून ठेवली आहे: घेणारा माणूस कापडाचा तुकडा पडद्याशेजारी धरेल तेव्हा त्याला फसल्यासारखं वाटता कामा नये. चित्र देखणं झालं की नाही ते त्यानंतर बघायचं.

४ फेब्रुवारी

सरळ मार्गाने सुरुवात केली. राखाडी सोफ्याचा फोटो दिला आणि लिहिलं, "हाच सोफा गडद हिरव्या मखमलीत दाखव." अर्ध्या मिनिटात चित्र आलं आणि मी बराच वेळ नुसती बघत बसले. लवेवरचा उजेड, उशीच्या कडेची मऊ लकाकी, सगळं होतं.

मग मूळ फोटो आणि हे चित्र एकावर एक ठेवून वरचा थर झाकउघड करून पाहिला. बैठकीच्या तीन उश्यांच्या दोन झाल्या होत्या. हात जाड झाले होते. शिवणीवरचं पाइपिंग, म्हणजे दोरीसारखी उठावदार किनार, पुसलं गेलं होतं आणि चौकोनी सरळ पाय खाली निमुळते झाले होते. मागच्या भिंतीलाही हिरवट झाक आली होती.

हे का होतं ते नीट समजून घेतलं पाहिजे, नाहीतर पुढचे सहा आठवडे प्रॉम्प्टचे, म्हणजे त्याला दिलेल्या सूचनेचे, शब्द बदलण्यात जातील. डिफ्यूजन पद्धतीचं साधन फोटोवर रंग चढवत नाही. ठिपक्यांच्या गोंधळातून टप्प्याटप्प्याने ते अख्खं चित्र नव्याने घडवतं, आणि माझा फोटो त्याला फक्त वाट दाखवतो. सोफा कसा असतो हे त्याला असंख्य चित्रांवरून कळलेलं आहे. समोरचा हाच सोफा आहे तसा राहिला पाहिजे, ही गोष्ट मात्र त्याला बाहेरून, बांधून सांगावी लागते. कापडाचंही तेच. मखमल म्हणजे काय ते त्याला माहीत आहे. नमुना क्रमांक १७ ची मखमल त्याने पाहिलेली नाही.

७ फेब्रुवारी

जुने फोटो बाद केले. नव्याने काढले.

कॅमेरा तिवईवर घट्ट. तिवईच्या तिन्ही पायांभोवती आणि सोफ्याच्या चारही पायांभोवती जमिनीवर चिकटपट्टी लावली, म्हणजे कधीही परत त्याच जागी त्याच कोनात उभं राहता येईल. मोठा मऊ उजेड डावीकडून, उजवीकडे पांढरा बोर्ड. फोटो रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने काही फेरफार न केलेले, एक फोटो राखाडी कार्ड सोफ्यावर ठेवून आणि एक २४ रंगखणांचा तक्ता ठेवून. उजेड थोडा कमीच पडू दिला, कारण एखादा भाग पांढरा फटक झाला की तिथली चुणी कायमची गेली. फिकट राखाडी कव्हर ही नशिबाची गोष्ट आहे. फिकटाचं गडद करता येतं. गडद कापडाच्या फोटोत सावलीतला तपशील इतका थोडा उरतो की तो वर खेचला तर दाणेच वर येतात.

१० फेब्रुवारी

मास्क, म्हणजे चित्राचा नेमका कुठला भाग बदलायचा ते आखून देणारा आकार. मेटाने २०२३ साली खुलं केलेलं सेगमेंट एनीथिंग वापरलं. टिचकी मारली की वस्तू कडेकडेने कातरून मिळते. सोफ्याचा ढोबळ आकार पहिल्याच झटक्यात आला. पण सोफ्याखालची सावली त्याने सोफ्यातच धरली, डाव्या मागच्या पायाजवळची फट भरून टाकली, आणि पाइपिंग कधी उशीत तर कधी बाहेर. उरलेला दिवस पाइपिंग हाताने रेखण्यात गेला.

शेवटी पाच मास्क ठेवले: सांगाडा आणि हात, बैठकीच्या उश्या, पाठीच्या उश्या, पाइपिंग, लाकडी पाय. कॅमेरा हललेला नाही, त्यामुळे हा खटाटोप प्रत्येक वस्तूसाठी एकदाच. आजचे सहा तास ४२ वेळा वसूल होणार आहेत.

१२ फेब्रुवारी

मास्कच्या आतलाच भाग बदलायला सांगितलं आणि जोडीला आकार धरून ठेवायला कंट्रोलनेट लावलं. हेही २०२३ सालचंच. फोटोतून काढलेल्या रेषा आणि कुठला भाग कॅमेऱ्यापासून किती लांब आहे त्याचा नकाशा मॉडेलला देता येतो. आता उश्या तीनच राहिल्या. पाय मास्कबाहेर असल्याने त्यांना धक्काच नाही.

बदल किती होऊ द्यायचा त्याचा ० ते १ मधला आकडा शोधण्यात संध्याकाळ गेली. ०.३५ वर राखाडी सोफा राखाडीच राहतो, जरा हिरवट दिसतो एवढंच. ०.९ वर चुण्या स्वतःच्या मनाने पाडतो. या फोटोला ०.५५ ते ०.६ मानवतं. दुसऱ्या फोटोला दुसरा आकडा लागेल हे गृहीत धरते आहे.

१३ फेब्रुवारी

रंग. आजची नोंद लांबणार.

नमुना क्रमांक ९, मोहरीसारखा पिवळा. प्रॉम्प्टमध्ये तोच शब्द, बाकी सगळं तसंच, फक्त सीड, म्हणजे सुरुवातीचा गोंधळ ठरवणारा आकडा, बदलून तीन चित्रं काढली. तिन्हींत बैठकीच्या मधल्या उशीचा रंग सीआयई लॅब पद्धतीने मोजला. १९७६ साली ठरलेली ही मोजपट्टी. यात एल म्हणजे उजळपणा, ए म्हणजे हिरव्यापासून लालपर्यंत, बी म्हणजे निळ्यापासून पिवळ्यापर्यंत. माझ्या तीन चित्रांत बी आला ४८, ६१ आणि ३९. एकाच शब्दाचे तीन सोफे. शेजारी ठेवले तर लहान मूलही सांगेल की ही तीन वेगळी कापडं आहेत.

मग मराठी शब्द देऊन पाहिले. "विटकरी" बऱ्यापैकी जवळ आला. "शेवाळी"ला प्रत्येक वेळी वेगळा हिरवा. "मोरपंखी" लिहिलं तर उशीवर पिसांचे डोळे उमटले. त्याला दोष देता येत नाही. आपल्याला मोरपंखी म्हणजे निळ्या-हिरव्याच्या मधला तो एक नेमका रंग दिसतो, कारण लहानपणापासून कुणीतरी त्या रंगाकडे बोट दाखवून तो शब्द उच्चारलेला असतो. शब्दात रंग नसतो, बोट दाखवण्यात असतो.

म्हणून आज ठरलं: रंग शब्दाने मागायचा नाही. कापडाच्या तुकड्याचा फोटो आधार म्हणून जोडला तर शब्दापेक्षा जवळ येतो, पण तोही पुरेसा नाही. रंग मोजायचा आणि मोजलेला रंग आपणच बसवायचा.

१७ फेब्रुवारी

तीन दिवस ४२ तुकड्यांचे फोटो. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत सारखे दिवे, वरून कॅमेरा, कडेला रंगतक्ता. तक्त्याचे खण मूळ मूल्यांशी जुळवून घेतले आणि मग प्रत्येक तुकड्याची एल, ए, बी मूल्यं वहीत.

साधी कापडं पटापट झाली. मखमलीने अडवलं. क्रमांक १७ चा तुकडा एका दिशेने ठेवला तर एल २४, तोच अर्धा फिरवला तर ३३. तुकडा तोच, दिवे तेच. लव कॅमेऱ्याकडे झुकली आहे की उलट, एवढाच फरक. मग या कापडाचा रंग कोणता म्हणायचा? दोन्ही मूल्यं लिहिली आणि शेजारी बाण काढून लवेची दिशा दाखवली.

२० फेब्रुवारी

आज एक गोष्ट कळली आणि तिने कामाची दिशाच बदलली. सुती, लिनन, लोकर अशा चमक नसलेल्या कापडांना एआय लागतच नाही.

राखाडी सोफ्याच्या फोटोत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: कव्हरचा स्वतःचा रंग आणि त्यावर पडलेला उजेड-सावली. राखाडी कव्हरचा रंग मी मोजलेला आहे. फोटोला त्या रंगाने भागलं की फक्त उजेड-सावली उरते. तिला नव्या कापडाच्या रंगाने गुणलं की नवा सोफा. चुण्या खऱ्या, शिवणी खऱ्या, रंग मोजलेला. एकच पथ्य: हा भागाकार-गुणाकार रेषीय मूल्यांवर करायचा, म्हणजे जिथे दुप्पट उजेडाला दुप्पट आकडा असतो. फाइलमधले आकडे पडद्यासाठी वाकवलेले असतात. त्यांच्यावर तसाच गुणाकार केला तर सावल्या बिघडतात. सकाळभर मी हीच चूक करत होते.

दोन ठिकाणी हिशेब तोकडा पडला. गडद पिवळ्या कापडाच्या खोल चुणीत उजेड पिवळ्यावर आपटून परत पिवळ्यावर पडतो, त्यामुळे ती चुणी खऱ्यात काळपट न दिसता आणखी गडद पिवळी दिसते. आणि पांढरी कापडं मळकी दिसायला लागली, कारण पांढऱ्या घडीत उजेड इकडून तिकडे उड्या मारत राहतो आणि सावली पातळ होते; माझी सावली राखाडी कापडाची होती. पांढऱ्याचा खरा तुकडा खुर्चीच्या खाचेत घडी करून ठेवला, फोटो काढला आणि त्याच्याशी ताडून सावली हलकी केली. चार पांढऱ्या छटांना हेच.

२४ फेब्रुवारी

मखमल, शेनील (जाड, लवदार धाग्याचं कापड) आणि चामडं. इथे गुणाकार साफ हरतो.

सुती कापड उजेडाकडे तोंड करून असेल तिथे उजळ दिसतं. मखमल समोरून बघितली की गडद आणि जिथे पृष्ठभाग नजरेपासून वळतो त्या कडेला उजळ, कारण तिथे उभ्या लवेची टोकं उजेड पकडतात. उशीच्या कडेची ती रुपेरी रेघ म्हणजेच मखमल. राखाडी सुती सोफ्याच्या फोटोत ती रेघ नाहीच, तर गुणून येणार कुठून? चामड्याचं दुसरंच. त्याच्यावर दिव्याचं प्रतिबिंब पडतं, आणि त्या चकाकीला चामड्याचा रंग नसतो, दिव्याचा असतो.

इथे एआय उपयोगी पडलं, आणि मनापासून सांगते, फार सुंदर उपयोगी पडलं. कापड वागतं कसं हे त्याला ठाऊक आहे. पद्धत अशी बसली: मास्क आणि कंट्रोलनेट लावून मखमल काढायला सांगायची, रंग जवळपासचा कुठलाही. त्या चित्रातून उजेडाचं वागणं तेवढं ठेवायचं आणि सरासरी रंग मोजलेल्या मूल्यांवर आणायचा. चामड्यात चकाकीचा थर आधी वेगळा काढायचा, बाकीचा रंगवायचा, मग चकाकी परत वर ठेवायची. विसरलं तर तपकिरी चामड्यावर तपकिरी चकाकी येते आणि ते प्लास्टिक दिसतं.

२७ फेब्रुवारी

ज्यांचं काम आहे त्यांच्याकडून निरोप: कापडाची वीण दिसत नाही, ती "उठून दिसायला हवी". ही मागणी समजण्यासारखी आहे. जाड विणीचं कापड घेणारा माणूस त्या विणीसाठीच घेतो. म्हणून नाही म्हणण्याआधी हिशेब केला.

सोफा २१० सेंमी रुंद. चित्रात तो १६८० पिक्सेल. म्हणजे एका सेंटिमीटरला ८ पिक्सेल. आपल्या सर्वांत जाड विणीच्या कापडाचा धागा २ मिमी, त्याच्या वाट्याला १.६ पिक्सेल. शेजारशेजारचे धागे वेगळे दिसायला एकेका धाग्याला निदान २ पिक्सेल तरी हवेत. थोडक्यात, अख्खा सोफा एवढ्या पिक्सेलांत मावत असेल तर त्याची वीण दिसूच शकत नाही. जरा लांबून खऱ्या सोफ्याचीही नीट दिसत नाही.

एआयच्या चित्रात वीण दिसत होती. मोजली. एक धागा ८ पिक्सेल, म्हणजे १ सेंमी जाड. तो दोरखंड झाला. शिवाय उशीच्या मध्यावर बारीक आणि हातावर मोठा. त्याचंही कारण आहे: स्टेबल डिफ्यूजनसारखी मॉडेलं पिक्सेलवर थेट काम करत नाहीत. ५१२ × ५१२ चं चित्र आधी ६४ × ६४ च्या जाळीत दाबलं जातं, प्रत्येक खणात फक्त ४ आकडे. ८ × ८ पिक्सेलच्या चौकोनातली बारीक वीण त्या ४ आकड्यांत मावत नाही. परत उलगडताना अंदाजाने भरली जाते.

तोडगा: प्रत्येक कापडाची दोन चित्रं. अख्खा सोफा, विणीशिवाय. आणि हाताच्या कोपऱ्याचं जवळून चित्र, ३० सेंमी रुंदीला २४०० पिक्सेल, म्हणजे सेंटिमीटरला ८०. तिथे २ मिमीच्या धाग्याला १६ पिक्सेल मिळतात आणि खऱ्या तुकड्याच्या फोटोतली खरी वीण बसते. आकड्यांसकट कळवलं. मान्य झालं. चित्रांची संख्या दुप्पट झाली, पण झोप लागेल.

३ मार्च

गादीकाम करणारे काका चित्रं बघायला आले. हे राखाडी कव्हर त्यांनीच शिवलेलं. साधी कापडं त्यांनी भराभर पुढे ढकलली. पट्ट्यांच्या कापडाशी थांबले.

"ताई, हे शिवलंय कुणी?"

मी म्हटलं, "काका, शिवलेलं नाही. संगणकाने काढलंय."

"मग बरोबर. हा पट्टा हातावरून खाली येतो आणि न तुटता आत वळतो. इथे शिवण पाहिजे. शिवणीविना कापड इथून जातच नाही, चुण्या पडतात. आणि बैठकीचा पट्टा पाठीच्या पट्ट्याला मिळालेला नाही. असं मी दिलं तर गिऱ्हाईक परत आणून टाकेल."

मग मखमल. बैठकीची लव पुढच्या कडेकडे आणि पाठीची वरून खाली यायला हवी. माझ्या चित्रात मधल्या उशीची उलटी होती, म्हणून ती शेजारच्या दोघींपेक्षा उजळ दिसत होती. मी त्या उशीवर कितीदा नजर टाकली असेल, उजेडाचा खेळ समजून सोडून दिली. वहीतला माझाच बाण मी वापरला नव्हता. बुक्लेच्या, म्हणजे गाठीगाठींच्या धाग्याच्या कापडाच्या, सोफ्याकडे बघून म्हणाले, इतका धारदार कोपरा या जाड कापडाला येत नाही, कोपरा गोल होतो. खुणा केल्या. तिन्ही दुरुस्त करायचं.

५ मार्च

नक्षीची कापडं ६. त्यांच्यासाठी एआय बाजूला ठेवलं. पन्हा १४० सेंमी, नक्षी दर ६४ सेंमीला परत येते, ही शिस्त त्याला पाळता येत नाही. फूल पाठीवर एका मापाचं आणि हातावर दुसऱ्या.

वाट काकांनीच सुचवली. कापड बेतताना ते कव्हरवर खडूने आडव्या-उभ्या रेघा मारतात. म्हटलं, त्याच रेघा फोटोत आल्या तर? मग आम्ही दोघांनी मिळून अख्ख्या सोफ्यावर बारीक रंगीत चिकटपट्टीची १० सेंमीची जाळी चिकटवली. ताणा (उभा धागा) कुठून कुठे जाईल, बाणा (आडवा) कुठून, प्रत्येक शिवणीवर कापड कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं, ते सगळं काका सांगत गेले. उशीच्या फुगवट्यावर पट्टी वाकत होती. ते म्हणाले, वाकू दे, कापडही तसंच वाकतं. जमिनीवरच्या खुणांवर तिवई परत उभी केली आणि फोटो घेतला.

आता त्या फोटोतला प्रत्येक वाकडा चौकोन म्हणजे कापडाचा सरळ १० × १० सेंमी चौकोन. चारशेच्या वर बिंदू हाताने टिपले. २० सेंमीच्या तुकड्यात ६४ सेंमीची नक्षी पुरती दिसत नाही, म्हणून सहाही कापडांचे एकेक मीटरचे तुकडे मागवले आहेत.

११ मार्च

मीटरचे तुकडे आले. त्यांचे सपाट फोटो जाळीतून सोफ्यावर चढवले, वरून राखाडी फोटोतली उजेड-सावली. फूल मधल्या उशीच्या बरोबर मध्यावर, पट्टा बैठकीतून पाठीत सलग. काकांना मोबाइलवर पाठवलं. उत्तर आलं, "हे शिवता येईल."

खुर्ची आणि पुफच्या जाळ्या उद्या-परवा.

१८ मार्च

खरी परीक्षा. विटकरी मखमलीचं कव्हर खुर्चीसाठी प्रत्यक्ष शिवून घेतलं होतं. माझं चित्र आधी तयार करून बंद ठेवलं, मग खऱ्या खुर्चीचा त्याच जागी, त्याच दिव्यात फोटो काढला आणि दोन्ही उघडली.

बैठकीवर रंगातला फरक, डेल्टा ई, २.१. शेजारी ठेवूनच जाणवेल इतका. हाताच्या सावलीच्या बाजूला मात्र ६.८, तिथे माझी मखमल जास्त तपकिरी. कडेची रुपेरी रेघ खऱ्या खुर्चीवर माझ्या चित्रातल्यापेक्षा निम्मी रुंद. एआय मखमलीला जरा जास्तच मखमल करतं. सगळ्या मखमलींची रेघ अरुंद केली आणि सावलीचा रंग फिरवलेल्या तुकड्याच्या मूल्याशी जुळवला. दुसऱ्या मोजणीत सावलीतला फरक ३.४ वर आला. इथे थांबले.

२१ मार्च

चित्राखालच्या ओळीवरून बोलणं झालं. मला ती हवी आहे: "हे चित्र संगणकावर तयार केलेलं आहे, रंग कापडाच्या तुकड्यावरून मोजलेला आहे. निवडण्याआधी तुकडा आपल्या घरच्या उजेडात पाहा." समोरून सुचवलं गेलं की पहिलं वाक्य गाळावं, लोक बिचकतात. मी गाळणार नाही म्हणून सांगितलं. शेवटचं वाक्यही तितकंच महत्त्वाचं. दोन कापडं दिवसाच्या उजेडात सारखी दिसतात आणि पिवळ्या दिव्याखाली वेगळी पडतात, हे मी या महिन्यात माझ्याच टेबलावर पाहिलं आहे. क्रमांक २२ आणि २३. माझ्या पडद्यावर ती जुळी आहेत आणि रात्रीच्या दिव्यात एक लालसर, एक हिरवट.

ओळ राहिली.

२५ मार्च

हिशेब. साधी, चमक नसलेली २६ कापडं गुणाकाराने झाली. मखमल, शेनील, चामडं मिळून ८ एआयच्या मदतीने. नक्षीची ६ जाळीने. एकूण ४०.

उरली दोन, दोन्ही धूपछाव. ताणा जांभळा, बाणा हिरवा. दुसऱ्यात ताणा निळा, बाणा तांबूस. ही कापडं कोन बदलला की रंग बदलतात, म्हणून सपाट तुकड्यावरून मोजलेला एक रंग त्यांना बसवताच येत नाही. एआयने काढलेल्यात दोन्ही रंग होते, पण कुठेही होते. घडीशी त्यांचं नातं नव्हतं. या दोघांची चित्रं देणार नाही असं कळवलं आहे. त्याऐवजी काकांनी तुकडा एका उशीवर ताणून बसवला आणि खिडकीपाशी हळूहळू फिरवला, मी व्हिडिओ घेतला. बारा सेकंदांचा आहे. जांभळा उजळतो, मधेच हिरवा होतो, परत जांभळा.